बस्त्याचे दोन दिवस

२०१८ साली मोठ्या नणंदेच्या लग्नाचा बस्ता आम्ही एका दिवसात बांधला. भाड्याची गाडी केली, तिच्यात अकरा माणसं कोंबली आणि पहाटे पाचला गाव सोडलं. दुपारी तीनच्या सुमारास नागपुरात, गांधीबागेतल्या एका दुकानात गादीवर बसल्या बसल्या सासूबाई एका अंगावर कलंडल्या. डोळे उघडे होते, पण बोलणं बंद. तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "काई नाई वो, भोवळ आली." सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. बाजारात बाईमाणसानं कुठं जायचं याचा भरवसा नाही, म्हणून घरूनच त्या तसं ठरवून निघाल्या होत्या. महिना एप्रिलचा होता.

त्यानंतर कुणाचंच चित्त खरेदीत राहिलं नाही. मानपानाच्या उरलेल्या चौदा साड्या अर्ध्या तासात उचलल्या. दुकानदार दाखवेल तो रंग आणि सांगेल तो भाव. पक्कं बिल मागायचं सुचलं नाही. त्यानं एका कागदावर आकडे मांडून दिले, तोच कागद घेऊन आलो. घरी गठ्ठा सोडला तर तीन साड्या घडीवर विरलेल्या निघाल्या. फोन केला तर पहिला प्रश्न आला, "बिल आहे का?" आमच्या घरी मोठा पैसा वर्षातून एकदाच येतो, कापूस विकल्यावर. त्या तीन साड्यांचं मला आजही वाईट वाटतं, आणि सासूबाईंच्या त्या दहा मिनिटांचं त्याहून जास्त.

म्हणून यंदा धाकट्या नणंदेचं लग्न जुळलं, तेव्हा मी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बस्ता दोन दिवसांचा होईल, मुक्कामानं होईल आणि सहाच माणसं जातील. मामाजी, म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ, म्हणाले, "मुक्कामाचा खर्च कायले वाढवता?" मी वही आणली आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडला. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये बायकांना अर्धं तिकीट आहे. सासूबाई, काकू, नणंद आणि मी, चौघींचं अर्धं. मामाजी ६८ वर्षांचे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच. पूर्ण तिकीट एकट्या आमच्या ह्यांचं. सहा माणसांत साडेतीन तिकिटं. गाडीच्या भाड्यातून जे वाचत होतं, त्यात एका रात्रीच्या दोन खोल्या बसत होत्या आणि वर जेवणाचेही थोडे निघत होते. मामाजींनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, "चाला मंग."

आमच्या भागातले बरेच लोक बस्त्याला तेलंगणातल्या आदिलाबादला जातात, पांढरकवड्याहून ते जवळ पडतं. पण एसटीची ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, आणि आम्हाला भांडी, सोनं, कपडे हे सगळं एका जागी पाहिजे होतं, म्हणून नागपूरच ठरलं. ज्येष्ठांनी मात्र वयाचा पुरावा जवळ ठेवावा, आधार कार्डासारखा. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका आजीकडे कार्ड नव्हतं. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, पण वयाचा पुरावा नसल्यानं आजीला तिकीट काढावं लागलं.

निघायच्या आधीचा आठवडा मी वहीत घालवला, आणि तो वाया गेला नाही. एका पानावर माणसं आणि दुसऱ्या पानावर वस्तू, असं नाही केलं. प्रत्येक माणसापुढे त्याचा आहेर, त्याचा अंदाजे भाव आणि माप लिहिलं. कुणाला लुगडं, कुणाला सहावारी, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला शर्टपीस. नऊवारी नेसणाऱ्या तीनच म्हाताऱ्या उरल्यात आमच्यात, पण त्यांना सहावारी दिली तर ती पेटीतच पडून राहते. नवरीची चप्पल घ्यायची असेल तर पायाचा ठसा कागदावर काढून न्या, असं लोक सांगतात. नवरी सोबतच होती, म्हणून ते लागलं नाही. पण तिच्या धाकट्या मावसबहिणींच्या बांगड्यांची मापं मी त्यांच्या जुन्या बांगड्या दोऱ्यात ओवून नेली. दुकानात आकडा सांगण्यापेक्षा बांगडीच पुढे ठेवली की चूक होत नाही.

दिवस मंगळवार-बुधवार निवडला. शनिवार-रविवारी सीताबर्डीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय घाऊक दुकानांची सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते. ह्यांनी दोन दुकानांना फोन करून विचारलं. त्यातलं एक मंगळवारी घरच्या लग्नासाठी बंद राहणार होतं. एका फोनमुळे एक हेलपाटा वाचला.

सकाळी सहाची गाडी पांढरकवड्याहून धरली. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत ती वर्धा रोडनं नागपुरात शिरते. इथं माझं पहिलं सांगणं आहे. गणेशपेठच्या स्टँडपर्यंत गाडीत बसून राहू नका. शहरात शिरल्यावर शेवटच्या सात-आठ किलोमीटरला सिग्नल आणि गर्दीतून इतका वेळ लागतो की जीव विटून जातो. वर्धा रोडच्या डोक्यावरूनच मेट्रो जाते. आम्ही कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं आणि छत्रपती चौकात उतरलो. तिथं स्टेशन आहे. खापरीकडून येणारी ही ऑरेंज लाइन. सीताबर्डीला उतरून त्याच स्टेशनात दुसरी, अ‍ॅक्वा लाइन धरली आणि कॉटन मार्केटला उतरलो. तिथून आमचा लॉज जवळ होता. सासूबाई सरकत्या जिन्याजवळ थबकल्या, एक पाऊल पुढे टाकत आणि मागे घेत. तिथल्या मुलीनं लिफ्ट दाखवली. वयस्कर माणसं सोबत असली की आधी लिफ्टच विचारा, प्रत्येक स्टेशनात आहे. आणि हो, मेट्रोच्या स्टेशनांवर स्वच्छतागृह असतं. मी सासूबाईंना ते पहिल्याच स्टेशनात दाखवून दिलं आणि सांगितलं, "आई, आज तुमी पानी प्याचं. जागा आपल्याले माईत आहे."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडच्या किती बायका शहरात जायच्या दिवशी पाणी सोडतात, ते पुरुषांना माहीतच नसतं. त्या सांगत नाहीत. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तिथं दिवसभर कोरड्यानं फिरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. मेट्रोचं स्टेशन, मोठं कपड्याचं दुकान, जेवायला बसलो ते भोजनालय, ही ठिकाणं आधीच हेरून ठेवा. दुकानात शिरल्याबरोबर "बाथरूम कुठं आहे?" असं मीच विचारत होते, मोठ्यानं. सुरुवातीला काकूंना संकोच वाटला. दुपारपर्यंत त्याच मला आठवण करून द्यायला लागल्या.

आता मुक्कामाचं. नागपुरात मानेवाड्याला ह्यांची आत्या राहते. तिच्याकडे न उतरणं हा आमच्या घरातला सगळ्यात नाजूक प्रश्न होता. "घरचं माणूस असताना लॉज?" असं मामाजी म्हणाले आणि आत्याही फोनवर रुसल्या. पण त्यांचं घर दोन खोल्यांचं, त्यांच्या सुनेची नोकरी सकाळी आठची. आम्ही सहा जण उतरलो असतो तर तिनं पहाटे उठून सहा माणसांचा स्वयंपाक केला असता आणि रात्री परत तेच. पाहुण्याकडे फुकट राहणं कुणाला तरी महागात पडतंच, आणि तो कुणीतरी बहुतेक त्या घरची सून असते. मी स्वतः सून आहे, मला ते कळतं. आम्ही पहिल्या दिवशी संध्याकाळी दोन तास त्यांच्याकडे गेलो. सोबत घरची तूरडाळ, फल्लीदाणा आणि सासूबाईंच्या हातच्या सरगुंड्या नेल्या. चहा घेतला, पत्रिका दिली. आत्यांचा रुसवा तिथंच गेला.

लॉज आम्ही फोनवर बोलून ठेवला होता, पण पैसे खोली पाहिल्यावरच दिले. गणेशपेठ स्टँडच्या आसपास आणि रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला, संत्रा मार्केट ते सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला, साध्या लॉजची रांगच आहे. पहिल्या ठिकाणी खोली दाखवायलाच तयार नव्हते, "पहले एंट्री करो" म्हणाले. आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणी मी स्वतः वर जाऊन पाहिलं. नळ सोडून बघितला, दाराची कडी आतून लावून बघितली, खिडकी उघडते का ते पाहिलं. खिडकी नसलेल्या खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि रात्रभर झोप लागत नाही. कूलरला बाहेरची हवा लागते, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे, पण लॉजमध्ये आपण ते विसरतो. दोन खोल्या घेतल्या, एकीत आम्ही चौघी आणि दुसरीत ह्यांची आणि मामाजींची सोय. एक जास्तीची गादी मागितली आणि तिचे पैसे किती ते आधी ठरवलं. खोली सोडायची वेळही विचारून घ्या. काही ठिकाणी तुम्ही आल्यापासून चोवीस तास धरतात, काही ठिकाणी दुपारी बाराला खोली रिकामी करावी लागते. सकाळी दहाला पोचणाऱ्याला यानं फार फरक पडतो. आमच्याकडे चोवीस तासांचा हिशेब होता. शिवाय दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिशव्या खाली ठेवू द्यायचं त्यांनी कबूल केलं. दोन खोल्यांचे २,४०० आणि वर ५ टक्के जीएसटीचे १२०. पावती घेतली.

आधार कार्ड सगळ्या मोठ्या माणसांचं मागतात, बायकांचंही. झेरॉक्स घरूनच नेल्या होत्या. त्यांच्यावर आडवं "लॉजच्या नोंदीसाठी" आणि तारीख लिहून दिली. हे मला आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी शिकवलं.

समाजाची भवनं आणि धर्मशाळा हाही एक मार्ग आहे. दवाखान्याच्या कामासाठी आठ-दहा दिवस राहायचं असेल तर तोच मार्ग मला बरा वाटतो. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, त्या गोरगरिबाला परक्या गावात पाठ टेकायला जागा मिळावी म्हणूनच. पण बस्त्याच्या सामानाला कुलुपाची खोली लागते, आणि रात्री उशिरा येणं होतं. म्हणून आम्ही लॉज धरला.

सकाळचं खाणं तर्री पोहे. नागपुरात आलं की ते खावंच, पण पाहुण्यांना एक सांगते. "तर्री वेगळी द्या" असं म्हणा. तर्री म्हणजे चण्याचा तिखट रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. ती पोह्यांवर ओतून दिली की परत काढता येत नाही, आणि दुपारभर पोटात जळजळ घेऊन तुम्ही साड्या बघता. मामाजींनी दोन वाट्या तर्री घेतली आणि वर आलूबोंडा. त्यांना काही झालं नाही, पण ते आयुष्यभर ठेचा खात आलेले आहेत.

दुपारचं जेवण बाराला. एकला नाही, दोनला तर नाहीच. बस्त्यात माणसं भाव करताना हरतात ती भुकेनं. दुकानात चहा देतात, थंड पाणी देतात, गादीवर बसवतात. आपण उपाशी आणि दमलेले असलो की "बस झालं, घेऊन टाका" हे शब्द आपल्याच तोंडून निघतात. २०१८ साली मी ते स्वतः अनुभवलं. म्हणून यंदा पहिल्या दिवशी दहा ते बारा फक्त बघायचं, एकही वस्तू घ्यायची नाही, असं ठरवलं. चार दुकानांत फिरलो, भाव वहीत लिहिले. मग एका भोजनालयात थाळी घेतली. बसण्याआधी थाळी मोजकी की पोटभर हे विचारलं. सासूबाई आणि काकू दोन पोळ्यांच्या वर खात नाहीत, त्यांना मोजकी, बाकीच्यांना पोटभर. बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावलेला दिसला तर काढायला सांगा. २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा स्पष्ट आदेश आहे, की तो आपोआप लावता येत नाही. साध्या भोजनालयात हा प्रश्न येत नाही, जरा चकचकीत ठिकाणी येतो.

रात्रीचं जेवण आम्ही घरच्या शिदोरीवर काढलं. तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा, कैरीचं लोणचं, वर केळी. सोबत बाहेरून ताक आणलं. एक वेळ शिदोरी, एक वेळ भोजनालय, असं ठेवलं की खर्चही आवरतो आणि पोटही बिघडत नाही. सोबत एक-एक कांदा आणि डोक्याला दुपट्टा होताच.

खरेदीत आधी गांधीबाग. अ‍ॅक्वा लाइनवर अग्रसेन चौक स्टेशनला उतरलं की कापडाचा बाजार चालण्याच्या अंतरावर आहे. इथली बरीच दुकानं घाऊक आहेत, त्यांचा हिशेब आपल्या गावच्या दुकानासारखा नसतो. एकाच डिझाइनच्या सहा-आठ रंगांच्या साड्यांचा सेट असतो, आणि सेट घेतला तर भाव वेगळा, एक-एक वेचून घेतली तर वेगळा. आहेराच्या साड्यांना सेटच घ्यावा. सगळ्या जावांना एकसारखी साडी मिळाली की मनं राखली जातात, हा फायदा तर पैशापलीकडचा. आम्ही तीन सेट घेतले. प्रत्येक साडी पूर्ण उलगडून, काठापासून पदरापर्यंत उजेडात धरून पाहिली. दुकानातला मुलगा म्हणाला, "भाभी, सब फ्रेश माल है." मी म्हटलं, "असेल दादा, पण मला पाहू दे." मामाजी आणि ह्यांनी दोन्ही टोकं धरली, काकूंनी मधली घडी पाहिली. चोवीस साड्यांना पाऊण तास लागला. दोन बाजूला काढल्या, एकीवर तेलाचा डाग होता आणि दुसरीचा काठ ओढला गेला होता. त्यांनी त्या लगेच बदलून दिल्या.

पक्कं बिल मागितलं तर "उसमें टॅक्स लगेगा" असं म्हणतात आणि माणूस घाबरून गप्प बसतो. घाबरू नका. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच जीएसटी आहे. पाचशेच्या साडीला पंचवीस रुपये. त्या पंचवीस रुपयांत खराब निघालेली साडी परत करायला हातात पुरावा मिळतो. बिलामागे मी "न वापरलेला माल पंधरा दिवसांत बदलून मिळेल" हे त्यांच्याकडून लिहून घेतलं, शिक्क्यासकट.

सासूबाईंची एकच इच्छा होती, करवती काठाची टसर साडी. विदर्भाची साडी ती, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, भंडारा-नागपूरकडच्या विणकरांच्या हातची. भौगोलिक मानांकनही आहे तिला. स्वतःच्या लग्नात त्यांना ती मिळाली नव्हती. एका दुकानात कमी भावात 'करवती' म्हणून जी दाखवली ती चमकत होती, पण हातात गार आणि घसरती लागत होती. मी पदराच्या टोकाचा एक धागा मागितला आणि दुकानाबाहेर येऊन जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. आम्ही काही न बोलता पुढे गेलो. तिसऱ्या दुकानात खरी मिळाली. महाग होती. ह्यांनी एक शब्दही न बोलता पैसे दिले. सासूबाई संध्याकाळपर्यंत ती पिशवी कुणाच्या हाती देईनात.

घेतलेला माल हातात वागवत फिरू नका. नाव आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी घेऊन गठ्ठे दुकानातच ठेवले, संध्याकाळी एका ई-रिक्षातून तिन्ही दुकानांचा माल लॉजवर आणला. हात मोकळे असले की पायही चालतात.

सोन्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळीच इतवारीच्या सराफ्यात गेलो, डोकं ताजं असताना. फार काही घ्यायचं नव्हतं. नणंदेचं डोरलं, गहूमण्यांची पोत आणि कानातलं, आणि बदल्यात सासूबाईंची जुनी मोड द्यायची होती. तिन्ही गोष्टींवर शिक्के पाहिले. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अक्षरांशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला ती सक्ती नाही, म्हणून नथनीवर शिक्का दिसला नाही तर लगेच भांडू नका, पण बिलात वजन आणि कॅरेट लिहून घ्या. नणंदेनं फोनवर बीआयएस केअर अ‍ॅप उघडून तिथंच ते अंक टाकले, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर आली. सराफानं वाईट वाटून घेतलं नाही, उलट भिंग पुढे केलं. आमची मोड आमच्या डोळ्यांसमोर वितळवून, कस लावून भाव करा, हा आग्रह मामाजींनी धरला. मण्यांतली लाख आणि काळे मणी वजनातून वजा झाले पाहिजेत, हेही त्यांच्याच लक्षात आलं. घडणावळ टक्क्यानं आहे की ग्रॅमवर, हे विचारल्याशिवाय दोन दुकानांची तुलनाच होत नाही. वर ३ टक्के जीएसटी. पैसे बँकेतून दिले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता-देता येत नाही, आणि दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन कार्ड लागतं. आमची खरेदी त्याच्या बरीच आत होती. यूपीआयनं दिवसाला किती पैसे देता येतात याला मर्यादा असते, म्हणून पैसे ह्यांच्या आणि माझ्या दोन्ही खात्यांत वाटून ठेवले होते. सुटे पैसे सासूबाईंच्या चंचीत.

भांडी इतवारीतच. पितळ, तांबं आणि जाड स्टील वजनावर मिळतं. गुंड, परात, गंज, कोपर, एक मोठी घागर. काट्यावर ठेवताना पुठ्ठा आणि प्लास्टिक काढायला सांगा. झाकणाची दांडी, मुठी वेगळ्या धातूच्या असतील तर तेही विचारा. नावं घालून घ्यायची असतील तर भांडी सकाळी द्या, दुपारी मिळतात. आंदणाच्या भांड्यावर नाव पाहिजेच, असं काकूंचं म्हणणं, आणि मला ते पटतं. माझ्या माहेरच्या गुंडावर माझ्या आईनं घातलेलं नाव आहे, रोज पाणी भरताना हाताखाली येतं.

दुपारी होणारे जावई बुटीबोरीहून आले, एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांचा सूट सीताबर्डीला घेतला. तयार सूट घ्यावा की शिवून, यावर वेळ घालवला नाही, तयार घेतला. बाह्या त्याच दुकानात दोन तासांत कमी करून मिळाल्या. बर्डीच्या रस्त्यावर चपला, बांगड्या, पिना, रुमाल. तिथं भाव करायचा असतो. अर्ध्यापासून सुरू करा, पण माल पसंत असेल तरच तोंड उघडा. एखाद्या बाईला तिची पाटी उलटीपालटी करायला लावून काही न घेता निघून जाणं मला बरं वाटत नाही. तीही आपल्यासारखीच उन्हात बसलेली असते.

जावईबापूंना सावजीचं जेवण खाऊ घालायचं मामाजींच्या मनात होतं. सावजी म्हणजे हलबा कोष्ट्यांचं जेवण. माग चालवणाऱ्या लोकांची ही चव, काळा मसाला, भरपूर तेल आणि झणझणीत तिखट. १८७७ साली जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली. आपल्या वऱ्हाडचा कापूस आणि इथल्या विणकरांचे हात या शहराच्या पोटात आहेत. मिल बंद पडली, त्या जागेवर आता मॉल उभा आहे. सावजीच्या खानावळी मात्र गल्लोगल्ली आहेत. पुरुषांनी मटण घेतलं. आम्ही पाटवडी रस्सा आणि डाळकांदा. सहा जणांत सात वाट्या मागवू नका. आधी दोन मागवा, चव बघा, मग सांगा. सासूबाईंसाठी वेगळं साधं वरण-भात आणि दही मागवलं, त्यांनी आनंदानं जेवण केलं. हे जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवलं, कारण नंतर फक्त परत जायचं होतं.

संत्रा बर्फी अगदी शेवटी, गाडीला निघताना. ती फार दिवस टिकत नाही आणि उन्हात पिशवीत तेल सोडते. डब्यावरची तारीख पाहून घेतली.

गणेशपेठहून पाचची गाडी. भांड्यांच्या पोत्यांना सामानाचं तिकीट काढलं, कंडक्टरशी वाद घातला नाही. मांडीवर करवतीची पिशवी घेऊन सासूबाई हिंगणघाटपर्यंत झोपल्या, मग उठून बाटलीतलं पाणी प्यायल्या.

घरी सगळं पुन्हा उलगडलं. चोवीसातल्या एका हिरव्या साडीच्या निऱ्यांमध्ये, आमच्या तिघांच्या नजरेतून सुटलेलं, नखाएवढं छिद्र निघालं. दुकानात फोन केला, बिल नंबर सांगितला. पुढच्या सोमवारी गावातला एक मुलगा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वडिलांचे रिपोर्ट आणायला जाणार होता. त्याच्याजवळ साडी आणि बिलाची झेरॉक्स दिली. रात्री नऊच्या गाडीनं तो आला, त्याच डिझाइनची, जांभळ्या रंगाची साडी घेऊन. काकू म्हणाल्या, "ही तं हिरवीपेक्षा बरी दिसते." ती आम्ही मोठ्या नणंदेसाठी बाजूला काढली.